ह्यांच्या गोळ्या

"हिच्या दोन नळ्यांपैकी एक बंद आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"काय म्हनाला?" आमच्या सासूबाई ओरडल्या.

"एक नळी बंद आहे."

"नळी बंद हाय व्हय!" सासूबाईंनी ही बातमी इतक्या मोठ्यानं परत सांगितली की बाहेर बाकड्यावर बसलेल्या बायकांच्या गप्पा थांबल्या. मला वाटलं, आता ह्याच टेबलाखाली शिरावं.

त्यात आत्यांचा काही दोष नव्हता म्हणा. सासूबाईंना मी आत्या म्हणायची. इचलकरंजीत आमचं घर माडीवर आणि खाली आमचेच यंत्रमाग. सकाळी माग सुरू झाले की भिंतीवरच्या खुंट्यासुद्धा थरथरायच्या. अशा घरात उभा जन्म गेलेल्या बाईला हळू बोलणं म्हणजे काय हे ठाऊकच नव्हतं. आमच्याकडं मीठ वाढ म्हणायचं तरी ओरडून, आणि भांडायचं असलं की हातवारे. सांगलीच्या त्या गार, शांत दवाखान्यात त्यांचा आवाज म्हणजे लग्नातला बँडच वाटत होता.

माझ्या लग्नाला तेव्हा चार वर्षं झाली होती आणि पाळणा हलत नव्हता. सोळा सोमवार झाले, चौंडेश्वरीला ओटी भरून झाली, एका बाबांनी दिलेली काळी पूड मधातून चाटून झाली. शेवटी मीच हट्ट धरला, की आता डॉक्टर. नवरा बरोबर आला नव्हता. "बायकांच्या दवाखान्यात मी काय करू?" म्हणाले. म्हणून आत्या आल्या.

डॉ. मंगसुळेबाईंनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. "ही पिशवी. हे औषध आपण आत सोडलं होतं ना, ते ह्या बाजूच्या नळीतून पार बाहेर सांडलंय. म्हणजे ही उघडी आहे. त्या बाजूला मात्र इथंच अडलंय. नळीला सूज येऊन ती आतून चिकटली."

"कशानं हो?" मी विचारलं.

"जंतूनं. तपासणीत सापडलाय. क्लॅमिडिया."

"कमळी?" आत्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "कुठली कमळी? आमच्या गल्लीत एक कमळी हाय, पन ती बिचारी लई चांगली बाई हाय, असलं काय करायची न्हाई."

"जंतूचं नाव आहे हो आजी."

"मग आसं बायकांचं नाव कशाला ठेवत्यात?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. हसू दाबत होत्या असं मला वाटलं. मग त्यांनी खुर्ची आमच्याकडं ओढून नीट समजावून सांगितलं. हा जंतू आवाज करत नाही. ना ताप, ना काही. एखादीच्या ओटीपोटात दुखतं, एखादीच्या अंगावरून जातं, बायका ते अंगावर काढतात. आणि हा आपला सावकाश पिशवीतून वर नळ्यांमध्ये चढतो. बाई मूल होत नाही म्हणून येते तेव्हा कळतं.

आत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत बसल्या. मग त्यांनी विचारलं, "आनि एक झालं, पन मागनं दुसरं न्हाई ऱ्हायलं, आसं बी हुतंय?"

"होतं. त्याला बरीच कारणं असतात, त्यातलं हेही एक असू शकतं. कुणाचं विचारताय?"

"आसंच."

मला वाटलं, गल्लीतल्या कुणाची तरी चौकशी चालली आहे. आत्यांना सगळ्या गल्लीची काळजी असायची.

"आता नीट ऐका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चिकटलेली नळी गोळ्यांनी उघडत नाही. पण जी उघडी आहे ती आपल्याला वाचवायचीय. एका नळीवर मूल होतं, पुष्कळ जणींना होतं. फक्त हा जंतू नवरा-बायकोत एकमेकांना लागतो. म्हणून औषध दोघांनी घ्यायचं. ह्या कॅप्सूल हिला, ह्या ह्यांना. सात दिवस, सकाळ-संध्याकाळ जेवल्यावर, भरपूर पाण्याबरोबर. घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, उन्हात हिंडायचं नाही. आणि दोघांच्या संपेपर्यंत दोघांनी लांब राहायचं. ह्यांनी घेतल्या नाहीत तर हिनं घेऊन काही उपयोग नाही. पुन्हा लागण होईल आणि उरलेली नळीही जाईल."

"पण बाई, हा आला कुठून?" मी खाली बघत विचारलं.

"ते शोधत बसू नका. वर्षानुवर्षं गुपचूप बसलेला असतो, पत्ता लागत नाही. भांडण तेवढं होतं."

परतीच्या एसटीत आत्यांना निवांत वेळ मिळाला. त्यांनी तिसऱ्या सीटवरून, खिडकीतून बाहेर बघत, माझी उघडी नळी उजवी की डावी हे विचारलं. कंडक्टरनं तिकिटाची पेटी बंद करून माझ्याकडं बघितलं. मी सांगितलं, "आत्या, घरी गेल्यावर बोलू." त्या म्हणाल्या, "बरं, घरी सांग," आणि पुढच्या सीटवरच्या बाईला कमळी नावाच्या जंतूची माहिती द्यायला लागल्या.

घरी मी ह्यांना गच्चीवर गाठलं. वाळलेले कपडे काढायचं निमित्त होतं, आणि गच्चीवर मागांचा आवाज जरा कमी यायचा. ह्यांचं नाव शिवानंद. आता नाव घेते खुशाल, पण तेव्हा घेत नसे. स्वभावानं गरीब माणूस. मारणं-झोडणं सोडाच, कधी वर तोंड करून बोलले नाहीत. मी सगळं सांगितलं आणि कॅप्सूलचं पाकीट पुढं केलं.

"मला काय झालंय?"

"काही झालेलं दिसत नाही, पण असतं म्हणे. दोघांनी घ्यायच्या आहेत."

"हे बायकांचं दुखणं. मी काय बाई आहे?"

"मग मला काय विहिरीवर पाणी भरताना लागलं?"

मी हे बोलले आणि माझी मीच दचकले. ह्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. लग्नाआधी हे दोन वर्षं भिवंडीला आत्यांच्या भावाच्या मागांवर राहिले होते. मी त्याबद्दल कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. त्या संध्याकाळी माझ्या हे लक्षात आलं, की गोळी गिळायला ह्यांना अडचण नव्हती. गोळी गिळणं म्हणजे कबूल करणं होतं, आणि ते ह्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं.

"हे बघा," मी म्हटलं, "मी तुम्हाला काहीही विचारणार नाही. आत्ता नाही, पुढंही नाही. पण माझी एकच नळी राहिलीय. ती गेली तर मी काय करू? तुमच्या पाया पडते, घ्या हो."

हे बराच वेळ दोरीवरच्या टॉवेलचे चिमटे काढत राहिले. मग म्हणाले, "घेतो. पण आईकडं दे, ती देईल. तू दिलीस की मला कसंतरी वाटतं."

घेतो म्हणाले ना, मला तेवढं पुरलं.

लांब राहायचं तर माहेरी जावं असं आत्यांनीच ठरवलं. "हितं एका खोलीत ऱ्हाऊन कसलं लांब ऱ्हातायसा? तू जयसिंगपूरला जा." दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी घेऊन निघाले. खाली सगळे माग सुरू होते. जिन्यात उभं राहून मी ह्यांचं पाकीट आत्यांच्या हातात दिलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "ह्या ह्यांना! सकाळ-संध्याकाळ! जेवल्यावर! चुकवायच्या नाहीत!"

"ह्यांना देते! जा तू निवांत!" आत्या ओरडल्या.

आता इथं एक सांगायला हवं. आमच्या घरात दोन 'हे' होते. माझे हे म्हणजे आत्यांचा शिवा, आणि आत्यांचे हे म्हणजे माझे सासरे, ज्यांना मी मामा म्हणायची. आत्यांनी उभ्या जन्मात मामांचं नाव घेतलं नव्हतं. रेशनकार्डाच्या साहेबांनी नवऱ्याचं नाव विचारलं तर त्या शेजारणीला कोपर मारायच्या. घरात कुणी 'ह्यांना वाढ' म्हटलं की कोण म्हणतंय ते बघून ताट कुणापुढं ठेवायचं ते ठरायचं. चार वर्षांत कधी चूक झाली नव्हती.

माहेरी मी माझ्या गोळ्या घड्याळ बघून घेतल्या. मळमळायचं, पण आईपुढं काही बोलले नाही. आईला एवढंच सांगितलं की अशक्तपणा आहे. ती बिचारी मला डिंकाचे लाडू चारत होती.

आठव्या दिवशी मी परत आले. मामा खालच्या कट्ट्यावर सावलीत बसले होते. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, आणि नाक बघितलं तर टोमॅटोसारखं लालभडक, वरची साल निघालेली.

"मामा, हे काय झालं?"

"ये पोरी, ये. काय न्हाई, उनाचं झालंया. डॉक्टरीन म्हनाली हुती उनात हिंडायचं न्हाई, आनि मी परवा बाजारला गेलो. तिचं ऐकायला पायजे हुतं. लई हुशार बाई हाय ती!"

"कोण डॉक्टरीण?"

"तुजी! आगं, त्या ताकदीच्या गोळ्या पाठवल्यास न्हवं माझ्यासाठनं! कालच्या सांजला संपल्या. पैले दोन दिवस छातीत जळजळ झाली, पन मी न्हाई सोडल्या. आनि तुझी सासू!" मामांनी इकडंतिकडं बघून आवाज लहान केला, म्हणजे शेजारच्या घरापर्यंतच जाईल इतका. "लगीन झाल्यापास्नं कधी माझ्याजवळ हुबी न्हाई ऱ्हायली. पन ह्या आठवड्यात सकाळ-सांज तांब्या घेऊन हुबी! गिळली का, म्हनायची. तोंड उघडा, म्हनायची. आता आनि आनायच्या का गं?"

माझ्या हातातली पिशवी तशीच राहिली. डोक्यात एकच घुमत होतं: मामांनी घेतल्या म्हणजे ह्यांनी घेतल्या नाहीत. आठवडाभर मळमळ सोसून जे मिळवलं ते सगळं पाण्यात. मला रडूही आलं आणि संतापही आला, आणि त्यातून मामांच्या नाकाकडं बघून हसूही यायला लागलं, म्हणून आणखीच संताप आला.

मी तशीच मागांच्या खोलीत शिरले. हे तिसऱ्या मागापाशी तुटलेला धागा जोडत होते.

"गोळ्या घेतल्या का?" मी ओरडले.

"काय?"

"गोळ्या! घेतल्या का!"

"पोळ्या?"

"गोळ्या! गोळ्या हो!"

ह्यांची नजर धाग्यावर होती आणि ऐकू येत नव्हतं, पण एक गोष्ट मी रागाच्या भरात विसरले होते. मागावर काम करणाऱ्या माणसांना ऐकू येत नसलं तरी ओठ वाचता येतात. तो सगळा खडखडाट चालू असताना ते एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नुसत्या ओठांनी अख्ख्या गोष्टी सांगतात. माझी वाक्यं ह्यांच्यापर्यंत पोचायच्या आत सगळ्या कामगारांनी वाचली होती. आमचा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा भैरू, हातातला पाना थांबवून माझ्या तोंडाकडं मन लावून बघत होता.

ह्यांना शेवटी कळलं. त्यांनी मान हलवली. "कुणी दिल्याच नाहीत मला! आई विसरली!"

"आणि तुम्ही मागितल्या नाहीत?"

ह्यांनी खांदे उडवले आणि परत धाग्याकडं वळले. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचं सुख मला स्पष्ट दिसलं. तेवढ्यात मागून आत्या आल्या. मी त्यांच्यावर तुटूनच पडले.

"आत्या, काय केलंत हे? ह्यांना म्हणजे ह्यांना! माझ्या ह्यांना! तुमच्या ह्यांना नव्हे!"

आत्यांनी माझ्याकडं बघितलं, ह्यांच्याकडं बघितलं. मग शांतपणे भिंतीपाशी गेल्या आणि मेन स्विच खाली ओढला.

माग एकेक करत थांबले. दिवसाढवळ्या आमच्याकडं माग कधी थांबत नसत. इतकी शांतता झाली की रस्त्यावरच्या भाजीवाल्याचा आवाज आत यायला लागला. काय झालं ते बघायला मामाही टॉवेल सावरत आत आले.

"आता बोला," आत्या म्हणाल्या.

"आई, तू घोटाळा केलास," हे म्हणाले. "हिनं माझ्यासाठी दिलेल्या गोळ्या तू दादांना दिल्यास. चूक झाली, जाऊ दे. दादांना काही झालं नाही ना? मग झालं तर. सोडून द्या विषय."

"चूक? माझी काय बी चूक झालेली न्हाई." आत्यांनी कमरेचा बटवा सोडला आणि त्यातून एक कॅप्सूल काढून तळहातावर ठेवली. तिच्यावर सुताची धूळ चिकटलेली होती. "ही वळखतोस का? पैल्या दिवशी सकाळी तुला दिली हुती. घेतो म्हनालास. दुपारी केर काढताना सुताच्या कचऱ्यात गावली."

ह्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. भैरू खाली बघून पाना पुसायला लागला.

"तवाच मला कळलं, हा काय घेनार न्हाई. म्हनून उरल्याल्या ह्यांना दिल्या."

"पण का आत्या?" मी रडकुंडीला आले होते. "हे घेईनात म्हणून मामांना? त्यानं माझा काय फायदा?"

"म्हंजे," मामा मध्येच म्हणाले, "त्या ताकदीच्या न्हवत्या?"

कुणी त्यांच्याकडं लक्ष दिलं नाही.

"तुझा न्हाई, माझा," आत्या म्हणाल्या. त्या मघापासून ओरडतच होत्या, आता समोर सगळे कामगार ऐकत होते, पण त्यांना त्याचं काही नव्हतं. "शिवाच्या पाठीवर मला काय ऱ्हायलं न्हाई. दर म्हैन्याला ओटीपोटात सुऱ्या चालल्यागत दुखायचं. तुझी आजीसासू म्हनायची, हिच्या पिशवीत खोट हाय. मग मला पाला चारला, राख चारली, कुणाकुणाचे काढे पाजले. पोटावर डाग दिला, त्यो आजून हाय. दुसरी करायची बोलनी बी झाली हुती. वीस वर्सं मला औषदं चारली ह्या घरानं. आनि ह्यांना?" त्यांनी मामांकडं बोट केलं. "ह्यांना कुणी एक गोळी दिली न्हाई. कुणी म्हनलं न्हाई की बाबा, तू बी जरा जीभ दाखव. मला बी सुचलं न्हाई. आनि परवा ती डॉक्टरीन बसून सांगती, की नवऱ्याला बी द्यायच्या, त्येनं घेतल्या न्हाईत तर बायकूनं घेऊन उपेग न्हाई. आयुष्यात पैल्यांदा ऐकलं मी हे. हातात गोळ्या हुत्या. पोरगं फेकून देत हुतं. म्हनलं, चल, वाया कशाला घालवायच्या? आता माझं काय हुनार न्हाई, वय गेलं. पन ह्यांनी घ्यायच्या हुत्या, त्या ह्यांनी घेतल्या. माझा जीव गार झाला."

त्या दिवशी दवाखान्यात त्या कुणाचं विचारत होत्या, ते मला आत्ता कळलं. आठ दिवस मी माझ्या एका नळीसाठी देव पाण्यात घालून बसले होते, आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या बाईनं आपला वीस वर्षांचा हिशेब त्या दहा मिनिटांत नव्यानं मांडला होता. मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण आमच्याकडं तशी पद्धत नव्हती.

मामा सुताच्या खोक्यावर बसले. नाकाची साल खुडत बराच वेळ जमिनीकडं बघत राहिले.

"मला त्येव्हा कुनी सांगितलं न्हाई," ते म्हणाले.

"तुमी कधी इचारलं?"

मामा म्हणाले, "सांगितलं असतं तरी घेतल्या असत्या का, द्येव जानं. आमी बी शिवावानीच." मग त्यांनी आत्यांपुढं हात केला. "आनि हाईत का?"

"मग! काय समजलासा मला?" आत्यांनी बटव्यातून नवं कोरं पाकीट काढलं. "चिठ्ठी घेऊन त्याच दिवशी दुसरं आनलं. सून परत आली की बघू म्हनून ठेवलं. आदी बाप, मग ल्योक."

मामा उठले. स्वतः कोपऱ्यातल्या माठातलं पाणी तांब्यात घेतलं, पाकिटातून कॅप्सूल फोडून काढली आणि ह्यांच्यापुढं उभे राहिले.

"दादा, लोकांसमोर..." हे पुटपुटले. "मी जेवलेलो पण नाही अजून."

"आत्ताच भाकरी खाऊन आलासा की मालक," भैरू म्हणाला. "माझ्याच डब्यातली."

"मला काय झालेलं नाही दादा. ही बायकांची..."

"मी सात दिवस घेतल्या," मामा म्हणाले. "बाई झालो का? बघ नीट. का रं भैरू, झालो का?"

"न्हाई थोरलं मालक," भैरू गंभीरपणे म्हणाला. "नाक तेवढं लाल झालंया."

पहिल्यांदा हसू फुटलं ते मलाच. मग सगळे कामगार हसायला लागले, आत्याही हसल्या, आणि हे मात्र हसावं की रडावं अशा चेहऱ्यानं उभे होते. मामा हसले नाहीत. त्यांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"शिवा, माझ्या येळंला मी न्हवत्या घेतल्या. तू घे. तोंड उघड."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी शब्द दिला होता, काही विचारणार नाही म्हणून, आणि माझ्या डोळ्यांत बहुतेक त्यांना तेच दिसलं असावं. त्यांनी तोंड उघडलं. गोळी खाली गेली, वर पाऊण तांब्या पाणी गेलं, आणि आत्यांनी जवळ जाऊन जिभेखाली बघून खात्री करून घेतली. मग भिंतीपाशी जाऊन स्विच वर केला. सगळे माग परत सुरू झाले आणि आमच्या घरात पुन्हा कुणाला कुणाचं ऐकू येईनासं झालं.

पुढचे सात दिवस मी आत्यांच्या खोलीत झोपले आणि मामा ह्यांच्या खोलीत. गोळी द्यायचं काम मामांनी स्वतःकडं घेतलं होतं, आणि त्यात ते कडक होते. पुढच्या खेपेला सांगलीला हे माझ्याबरोबर आले. बायकांच्या बाकड्यावर, दोन गरोदर बायकांच्या मध्ये, गुडघे जवळ घेऊन बसले होते. आम्हा दोघांनंतर तिसरी तपासणी बरोबर आलेल्या आत्यांची झाली. त्यांनीच नंबर लावला होता, मला विचारलंही नाही.

लगेच काही झालं नाही. दीड वर्ष गेलं, दोन गेली. मधे एकदा मी आशा सोडली, परत धरली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की अशा नळीत गर्भ अडकून बसायचा धोका असतो, म्हणून पाळी चुकली की आधी माझ्याकडं यायचं, पेढे नंतर वाटायचे. ज्या दिवशी त्यांनी पडद्यावर बोट ठेवून "अगदी जागेवर आहे" असं सांगितलं, त्या दिवशी हे त्या केबिनमध्ये मोठ्यानं रडले. माझी मुलगी आता कॉलेजात शिकवते.

तिच्या बारशाला गल्लीतल्या सगळ्या बायका आल्या होत्या. माग बंद ठेवले होते. पाळण्याला दोरी बांधता बांधता शेजारच्या उमदीकर वहिनींनी आत्यांना विचारलं, "काकी, शेवटी कुठला देव पावला? कसला नवस केला हुता?"

"नवस?" आत्या अशा आवाजात म्हणाल्या की पाळण्यातलं पोर दचकून रडायला लागलं. "नवस-बिवस काय न्हाई. नवऱ्याला गोळ्या घातल्या!"

अर्ध्या बायकांनी तोंडाला पदर लावला. बाहेर पुरुषांच्या पंगतीत मामांना ठसका लागला. आत्यांना आपण काय बोललो ते कळायला वेळ लागला, आणि कळल्यावर त्याच सगळ्यांत जास्त हसल्या. मग पाळणा हलवत त्यांनी सगळ्यांना कमळीची गोष्ट सांगितली, नळ्यांसकट, डॉक्टरणीच्या पत्त्यासकट. माझी लाज केव्हाच संपली होती. मी घुगऱ्या वाटत ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी उमदीकर वहिनी रिकामं ताट परत करायला आल्या. ताट ठेवलं, पण गेल्या नाहीत. दाराच्या चौकटीला नखानं टोकरत उभ्या राहिल्या. त्यांच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती.

"काकी," त्या म्हणाल्या, आणि खालच्या मागांच्या आवाजात ते अर्धवटच ऐकू आलं, "डॉक्टरणीनं गोळ्या दिल्या, तर त्या ह्यांना सांगून द्यायच्या का न सांगता?"

आत्यांनी त्यांचा हात धरून त्यांना आत ओढलं, पाटावर बसवलं.

"सांगून," आत्या म्हणाल्या. "आनि न्हाई ऐकलं तर मला हाक मार."